एल्फेजचा अंदाज

"रू चुलीवर असताना जागचं हलायचं नाही. घराला आग लागली तर आधी पातेलं उतरवायचं, मग देवाचं नाव घ्यायचं आणि मग पळायचं."

आमच्या आईचं हे सांगणं मला अजून तिच्याच आवाजात ऐकू येतं. आई फार धार्मिक होती, पण गंबो, म्हणजे आमचा मांसाचा दाट रस्सा, शिजत असला की देवाचा नंबर दुसरा. तेलात पीठ घालून ते मंद आचेवर ढवळत राहायचं. आधी पिवळसर, मग बदामी, मग चॉकलेटी. काळं पडायच्या जरा आधी थांबायचं, बस. हात थांबला की रू करपला, आणि करपलेल्या रूचा गंबो आमच्या गावात कुत्रंसुद्धा हुंगून पुढे जातं.

तो ढवळणारा माणूस तासभर तरी मान वर करू शकत नाही. म्हणूनच आमच्या घरात ती शिक्षा ठरली.

बायूच्या, म्हणजे आमच्या गावच्या संथ ओढ्याच्या, पलीकडे बेल रीव्ह कॉलेज आहे. त्यांच्या फुटबॉल संघाला (बॉल हातात घेऊन पळायचा तो अमेरिकन फुटबॉल) सगळे 'बगळे' म्हणतात, कारण कपडे पांढरेशुभ्र आणि हेल्मेट पिवळी. ऑगस्टमध्ये चर्चमध्ये मरियामातेच्या सणाचा मिस्सा झाला की आम्ही घरची मंडळी माझ्या थोरल्या भावाच्या, एल्फेजच्या, अंगणातल्या पडवीत जमतो, आणि यंदा बगळे बारापैकी किती सामने जिंकणार ते एकेकाने मोठ्यांदा सांगायचं. पैज नाही, पैसा नाही. तेवढं मी कधीच चालू दिलं नाही. आणि कागदावर काही लिहायचंही नाही, कारण आमची मावशी तांत ओदाली ते सगळं डोक्यात ठेवते. तिची नव्वदी उलटली, डोळे जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण कोणत्या साली कोण काय बोललं हे तिला विचारा.

निम्मे सामने जिंकले तर बगळ्यांना डिसेंबरअखेरीस एखाद्या बाउलचं बोलावणं येतं. बाउल म्हणजे हंगामानंतरचा मानाचा सामना. त्या दिवशी पुन्हा सगळे जमतात. ज्याचा अंदाज सगळ्यात जास्त चुकला, त्याने कोपऱ्यापलीकडच्या शेगडीवर रू ढवळायचा. टीव्ही तिथून दिसत नाही. ज्याचा अंदाज सगळ्यात जवळ, त्याने तांत ओदालीच्या शेजारच्या खुर्चीत बसून तिला सामना सांगायचा, तोही आमच्या जुन्या फ्रेंचमध्ये. टीव्हीचा आवाज बंद. "ती माणसं साबण विकल्यासारखी बोलतात," तांत म्हणते.

गेली काही वर्षं पातेलं एल्फेजकडेच असायचं.

पूर्वी असं नव्हतं. एल्फेज तरुणपणी स्वतः बगळ्यांकडून खेळलेला, खांद्याने माणसं आडवी करणारा. त्याचा अंदाज एका सामन्याच्या आतबाहेर यायचा, आणि खुर्ची बहुतेक त्याचीच असायची. मग त्याची बायको व्हर्ली गेली, आणि त्यानंतर केव्हातरी त्याने एक नवीन पाठ सुरू केला. आपली पाळी आली की हाताची घडी घालून म्हणायचा, "सगळे. बाउलसकट."

मला वाटायचं, एकट्या पडलेल्या माणसाला काहीतरी चांगलं घडावंसं वाटतं. मी त्याच्यासाठी रोजरीच्या जपाचा एक टप्पा वाढवला होता.

या वर्षी तर पेपरवाल्यांनी बगळ्यांना गटात तळाला टाकलं होतं. कोच नवा, जुना क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य गडी, जास्त मोठ्या कॉलेजात निघून गेलेला. ऑगस्टमध्ये पडवीत बसलो तेव्हा पंख्याचा वाराही गरम होता.

"चला, बोला," तांत ओदाली म्हणाली. "आधी जावई."

ड्यूई हा एल्फेजच्या मुलीचा, रेनेलाचा नवरा. साखर कारखान्यात काम करतो आणि तोंड बंद ठेवणं त्याला जमत नाही. "चार," तो म्हणाला. "त्यातले दोन दयेपोटी."

"ड्यूई, तू त्याच कॉलेजात शिकलास ना?" रेनेला म्हणाली.

"म्हणून तर सांगतोय. चार वर्षांचं शिक्षण मी सहा वर्षं घेतलं, त्यांना ओळखतो मी."

रेनेलाने सहा सांगितले. मी दरवर्षीप्रमाणे सात म्हणाले. सात हा आकडा बरा आहे, त्यात फार मागितल्यासारखं होत नाही. आमचे फादर थान्ह आमच्या चर्चला आले त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. त्यांचं बालपण व्हिएतनाममध्ये गेलं, आणि हा खेळ त्यांना अजून उमगायचा होता. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "तीन. पवित्र त्रैक्याच्या मानाने."

"फादर, पण ते तीन शेवटी एकच असतात ना?" ड्यूई म्हणाला, आणि रेनेलाने त्याच्या दंडावर चापट मारली.

"आणि तू, एल्फेज?" तांतने विचारलं.

"सगळे. बाउलसकट."

सगळे हसले. "मिस्टर एल्फेज, रू ढवळायचा चमचा आत्ताच काढून ठेवू का?" ड्यूई म्हणाला.

"ठेव," एल्फेज म्हणाला. मला तो खूश दिसला.

पहिले दोन सामने बगळे जिंकले तेव्हा ड्यूई म्हणाला, चुकून झालं. पाचवा जिंकले तेव्हा तो गप्प झाला, आणि ड्यूई गप्प होणं ही आमच्याकडे पेपरात छापण्यासारखी गोष्ट. नवीन क्वार्टरबॅक हा शेजारच्या गावच्या कोळ्याचा मुलगा, हडकुळा, पण बॉल असा फेकायचा, जसं जाळं टाकावं. गळीत हंगाम सुरू झाला, उसाच्या गाड्यांचा चिखल रस्ताभर पसरला, आणि कारखान्यापासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत दुसरा विषय उरला नाही.

फक्त माझ्या भावाचा चेहरा बगळे जिंकतील तसा उतरत चालला होता.

सर्व संतांच्या सणाला आम्ही थडग्यांना चुना लावायला गेलो. ड्यूई बादली हलवत म्हणाला, "मिस्टर एल्फेज, खुर्ची तुमचीच आता. घसा साफ करून ठेवा."

"अजून हरतील," एल्फेज म्हणाला.

"अहो, हरावं म्हणताय? तुम्हीच तर सगळे म्हणालात!"

"मी म्हणालो म्हणून त्यांनी ऐकायलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

तो व्हर्लीच्या थडग्याला चुना लावत होता. मन लावून, कडेकडेने, सुरेख हात फिरवत होता. हात फिरवता फिरवता तिच्या नावाच्या पाटीवरूनही त्याने ब्रश नेला, आणि तसाच पुढे गेला. मी एप्रनच्या टोकाने पाटी पुसून घेतली. लक्ष नाही त्याचं, मनाशी म्हटलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर बगळे एकदाचे हरले. त्या शनिवारी एल्फेजने भात दोनदा वाढून घेतला. पण तेवढाच एक. उरलेले सगळे जिंकून त्यांना मोबील शहरातल्या सायप्रस बाउलचं बोलावणं आलं, आणि तांत ओदालीने निकाल जाहीर केला. फादर थान्ह पातेल्यावर, एल्फेज खुर्चीत.

आता माझ्या सकाळच्या नेमाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं त्यावर आहे. माझे यजमान गेल्यापासून मी रोज मिस्साला जाते, आणि उठल्यापासून कम्युनियन घेईपर्यंत बोलत नाही. मला गाडी चालवता येत नाही. एल्फेज रोज पहाटे त्याचा जुना ट्रक घेऊन येतो आणि मला चर्चला नेतो. मोठ्या रस्त्याला लागताना तो थांबतो आणि विचारतो, "लिओंटिन, काही येतंय का गं?" मी मान हलवायची आणि तो निघायचा.

मग एके दिवशी मिस्सानंतर फादर थान्ह मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिस लिओंटिन, गाडीत एक शब्द बोललात तर नेम मोडत नाही. मी परवानगी देतो." मी म्हटलं, फादर, पण मी मागितली कुठे? ते म्हणाले, "तुमच्या भावाने मागितली. रस्त्याचा प्रश्न आहे, म्हणाले." त्यानंतर मी तोंडाने "हो" किंवा "नाही" म्हणू लागले. फादरांचा शब्द, म्हणून मी जास्त विचार केला नाही.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या उपासनेच्या दिवसांच्या, दुसऱ्या आठवड्यात मला सर्दी झाली आणि आवाज पार गेला. घशातून नुसती हवा यायची. अशात धुक्याची सकाळ. एल्फेज मोठ्या रस्त्याशी थांबला.

"काही येतंय का गं?"

डावीकडून उसाची गाडी येत होती, दिवे लावलेली, भरून उतू चाललेली. मी हात वर केला, त्याच्या तोंडासमोरच धरला म्हणा ना. थांब.

त्याने क्षणभर वाट पाहिली. मी बोलले नाही म्हणजे काही नाही, असं समजून त्याने ट्रक पुढे काढला.

भोंगा अजून माझ्या कानात आहे. त्या ड्रायव्हरने गाडी पलीकडे ओढली म्हणून आम्ही वाचलो. रस्ताभर ऊस सांडला. आमचा ट्रक अर्धा गवतात, अर्धा रस्त्यावर उभा राहिला. तो ड्रायव्हर खाली उतरून जे बोलला ते मी लिहिणार नाही, पण त्याची काही चूक नव्हती. मग तो गेला.

"तू हात केला होतास का?" एल्फेजने विचारलं.

मी मान हलवली. तो माझ्याकडेच बघत होता, तरी त्याने पुन्हा विचारलं, "लिओंटिन? केला होतास?"

तेव्हा मला कळलं. मी त्याचा हात घेऊन माझ्या गालाला लावला आणि मान हलवली, म्हणजे त्याला हाताने कळावं.

"मधोमध काळं झालंय," तो म्हणाला. "कडेचं दिसतं. गवत दिसतं, रस्त्याची रेघ दिसते, तुझा स्कार्फ दिसतो. जिकडे बघावं तेच नेमकं दिसत नाही. तुझं तोंड मी किती दिवसांत पाहिलं नाही, सांगता येणार नाही. तू म्हातारी झालीस का?"

मी पुन्हा त्याचा हात गालाला लावला आणि हो म्हणून मान हलवली. तो हसला, आणि मग त्याने स्टीअरिंगवर कपाळ टेकलं.

"म्हणून तर सगळे म्हणायचो," मान वर न करता तो म्हणाला. "सगळे म्हटलं की चुकणारच. चुकलं की पातेलं. पातेल्याला डोळे कुठे लागतात? रूचा रंग नाकाला कळतो. पण त्या खुर्चीत बसून मी काय सांगू? मला पांढरे ठिपके दिसतात गं, एवढा मोठा टीव्ही आणि त्यात तांदूळ सांडल्यासारखं दिसतं. इतकी वर्षं पाच-सहा तरी हरत आले, आणि यंदा गाढवं जिंकतच सुटली!"

मला हसू आवरेना, आणि घशात हसण्याचाही आवाज नव्हता.

डॉक्टरांनी त्याला आधीच सांगितलं होतं, हे परत यायचं नाही. रेनेलाला त्याने सांगितलं नव्हतं. रेनेला चांगली पोर आहे, पण काळजी वाटायला लागली की ती कामाला लागते. त्याला भीती होती की ती त्याच दिवशी किल्ली घेईल, ट्रॅक्टर विकायला काढेल आणि त्याचं अंथरूण तिच्या घरी हलवेल. "मग मी सकाळी उठून करायचं काय? तिच्या खिडकीतून बाहेर बघायचं? तेही जमणार नाही."

मला लिहून दाखवावंसं वाटलं, पण लिहिलेलं तो वाचणार कसं? म्हणून मी सरळ किल्ली काढली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. पर्सच्या खटक्याचा आवाज त्याला नीट ऐकू आला.

"बरं," तो म्हणाला. "बरोबर आहे. पण बाउल होऊ दे. तो झाला की मी स्वतः जाऊन रेनेलाला सांगतो. माझ्या तोंडाने. तू सांगू नकोस. शपथ घेऊ का?"

मी त्याचा हात दाबला. शपथ कशाला, असं म्हणायचं होतं.

त्या दिवसापासून आम्ही मिस्साला चालत जाऊ लागलो. ट्रक कारखान्याच्या एका पोऱ्याने घरी आणून लावला होता. आगमनकाळात चालत जायचं ठरवलंय, असं मी रेनेलाला सांगितलं, आणि ते खरंच होतं. त्या सकाळी त्या गवतात बसून मी तसं मनात ठरवलंच होतं. "नॅनन, तुम्हा दोघांना वेड लागलंय," ती म्हणाली (मी तिची धर्ममाता, म्हणून नॅनन), पण तिने दोघांना नवीन बूट आणून दिले. एल्फेज माझ्या कोपराला धरून चालायचा. लोक म्हणायचे, काय प्रेमळ भाऊ आहे. होताच तो.

नाताळ झाला. बाउलच्या आदल्या दिवशी एल्फेज म्हणाला, "उद्या माझ्यामागे उभी राहा. उजवीकडे पळाले तर उजव्या खांद्यावर हात ठेव, डावीकडे तर डाव्या."

"मी खोटं बोलणार नाही, एल्फेज." तोपर्यंत माझा आवाज परत आला होता.

"खांदा कुठे बोलतो?"

"हात माझाच ना?"

नेम करणाऱ्या बहिणीचा असा त्रास असतो.

शनिवारी दुपारी सगळे जमले. फादर थान्ह पांढरा एप्रन बांधून आले होते आणि पातेल्याकडे असे बघत होते, जणू आजारी माणसाला शेवटचं तेल लावायला बोलावलंय.

"फादर, तुम्ही पाहुणे," एल्फेज म्हणाला. "तुम्ही खुर्चीत बसा. रू मी बघतो."

"नाही, नाही. मी हरलो आहे."

"अहो, पण फादर..."

"हरलेलं मान्य करणं हेच माझं काम आहे, मिस्टर एल्फेज. दर रविवारी मी लोकांना तेच सांगतो."

"व्वा फादर!" ड्यूई ओरडला. "चला मिस्टर एल्फेज, बसा सिंहासनावर. तांत वाट बघतेय."

एल्फेज बसला. तांत ओदालीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. टीव्हीचा आवाज बंद केला. मी त्याच्यामागे उभी राहिले, रोजरी हातात धरून, आणि हात मात्र कुठेच ठेवला नाही.

सुरुवातीला त्याने चांगलं निभावलं. जन्मभर हा खेळ पाहिलेला माणूस तो. रेनेला "अगं बाई" म्हणाली की तो म्हणायचा, "डावीकडून आले, थोडक्यात वाचलो." ड्यूईने मांडीवर थाप मारली की तो म्हणायचा, "लांब फेकला, पकडला, मधल्या रेषेच्या पुढे." तांत मान डोलवत होती. कडेच्या नजरेने त्याला ठिपके कुठे सरकतात तेवढं कळत होतं, बाकीचं त्याच्या आठवणीतून येत होतं. एकदा तर त्याने मला दिसलेल्यापेक्षा चांगला खेळ सांगितला.

मग ड्यूई बिअर आणायला कोपऱ्यापलीकडे गेला, आणि तिथून त्याची आरोळी आली, "अहो, चालला! चालला! गेला, गेला, गेला!"

"निसटला!" एल्फेज खुर्चीतून अर्धा उठला. "गेला! दोघांना चुकवलं, कडेने सरळ, कोणी नाही समोर! टचडाऊन!"



टीव्हीवर एक बाई कपडे धुण्याच्या पावडरचा डबा हातात घेऊन हसत होती. कोपऱ्यापलीकडून धुराचा वास आला. ड्यूई डोकं बाहेर काढून म्हणाला, "रू गेला, रू. फादरांनी जाळला." मग त्याने टीव्हीकडे पाहिलं, एल्फेजकडे पाहिलं, आणि हसत सुटला. "जाहिरातीत टचडाऊन! मिस्टर एल्फेज, तुम्ही पण ना!"

रेनेलाही हसली. हसता हसता तिने एकदा बापाकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आता. पण एल्फेज हसत नव्हता. त्याचा हात खुर्चीचा दांडा चाचपत होता.

तांत ओदालीने त्याच्या गुडघ्यावरचा हात उचलला नाही.

"ए शा, लाडक्या," ती मोठ्यांदा म्हणाली, "तुझं बोलणं फार भरभर होतंय, माझे कान दमले. तू जा, नवा रू कर. त्या बिचाऱ्या पाद्र्याच्या हातून आज आपल्याला जेवायला मिळायचं नाही. लिओंटिन सांगेल मला."

आणि मग आमच्या फ्रेंचमध्ये, अगदी हळू, फक्त त्याला आणि मला ऐकू जाईल असं म्हणाली, "चेहरे जायला लागले तेव्हा मीही असंच करायची. आवाजावरून. बरीच वर्षं कोणाला कळलं नव्हतं."

एल्फेज उठला. भिंतीला हात लावत कोपऱ्यापलीकडे गेला.

मी खुर्चीत बसले. "जोरात बोल गं," तांत थोड्या वेळाने म्हणाली, "हा मिस्सा नाही." मी जमेल तसं सांगितलं. पण माझे कान पातेल्याकडे होते. नवीन तेल तापल्याचा आवाज आला, मग पिठाचा, मग लाकडी चमच्याची ती एकसारखी घासणी सुरू झाली. फादर थान्ह तिथून हलले नव्हते. ते कोपऱ्यावर उभे राहून टीव्हीकडे बघत होते आणि एल्फेजला सांगत होते.

"पांढऱ्या माणसाने बॉल घेतला. आता तो पडला. आता सगळे त्याच्यावर पडले."

"बरं."

"आता ते उठले. आता सगळे गोल करून उभे आहेत. प्रार्थना करतात बहुतेक."

"करू द्या फादर."

"आता पुन्हा पडले."

माझा भाऊ हसत होता. गेल्या कित्येक महिन्यांत ते हसू मी ऐकलं नव्हतं. बदामीचा वास आला, मग शेंगदाणे भाजल्यासारखा, मग चॉकलेटी. सामना अगदी शेवटाला आला. रेनेलाने ड्यूईची बाही ओढून ओढून सैल केली होती. मी तांतला सांगायचंच विसरले, आणि ते फादर थान्हच सगळ्यांच्या वतीने बोलले.

"एकाने लाथ मारली. बॉल उंच गेला. दोन खांबांच्या मधून गेला. मिस्टर एल्फेज, हे चांगलं की वाईट?"

"लाथ कोणी मारली, फादर?"

"पांढऱ्यांनी."

"मग चांगलं," एल्फेज म्हणाला, आणि पडवीतला आरडाओरडा कॉलेजपर्यंत गेला असेल.

त्या दिवशीचा गंबो आईच्या वेळेसारखा झाला होता. बदकाचं मांस हाडावरून सुटून आलेलं, आणि वर रेनेलाचं बटाट्याचं सॅलड. ड्यूईने ती जाहिरातीची गोष्ट आल्या-गेल्याला सांगितली, एल्फेजची नक्कल करून. "म्हातारपणी थट्टा सुचते यांना," तो म्हणत होता, आणि सगळ्यांनी ती थट्टाच मानली. निघताना रेनेलाने बापाच्या गालाचा मुका घेतला आणि म्हणाली, "पापा, पुढच्या वर्षी पण सगळे म्हणा हं."

फादर तांत ओदालीला घरी सोडायला घेऊन गेले. कापलेल्या रानावर ऊन तिरपं आलं होतं. मी ताटं गोळा करत होते. एल्फेज पायरीवर बसून पातेलं घासत होता, बोटांनी चाचपून, कुठे लागलंय का बघत.

"कोणालाच कळलं नाही," तो म्हणाला.

"नाही."

"थट्टा वाटली सगळ्यांना."

"हो."

"पुढच्या ऑगस्टला सगळे म्हणालो तर आणखी एक वर्ष निघेल. दोन वेळा काही असं जिंकत नाही कोणी."

मला बोलायचं होतं ते त्या सकाळी त्या गवतातच बोलून झालं होतं. मी ताटं आत नेऊन ठेवली. परत आले तेव्हा पातेलं उपडं घातलेलं होतं, आणि तो हात पुसत उभा होता. त्याने खुंटीवरची हॅट काढली.

"ड्यूई आज रात्रपाळीला आहे ना?"

"आत्ता निघेल."

"बरं झालं. त्याच्यासमोर मला नसतं बोलता आलं. त्याने हसवलं असतं, आणि मग राहून गेलं असतं." त्याने हॅट डोक्यावर ठेवली, मग काढून पुन्हा नीट ठेवली. "ती रडेल का गं?"

"रडेल थोडी. मग कामाला लागेल."

"लागू दे."

"मी येऊ?"

त्याने जरा विचार केला. "नको. तू आलीस तर ती तुझ्याकडे बघून बोलेल. आज माझ्याकडे बघून बोलू दे."

रेनेलाचं घर उसाच्या पट्टीच्या पलीकडे आहे, मधे फक्त बांधावरची वाट. तो पायऱ्या उतरला, डाव्या बुटाने बांधाची कड चाचपली, ती सापडली, आणि कड न सोडता सावकाश चालत निघाला.